हिरव्या कपाळाची निवडणूक

पाचवी 'ब'च्या वर्गात श्रीधर लांजेवार सरांनी फळ्यावर भाकरी काढली, तिचे आधी दोन तुकडे केले, मग चार केले, आणि खडू खाली ठेवून आयुष्यभर विचारत आले तोच प्रश्न विचारला.

"समजलं का?"

"होऽऽ सर!" वर्गाने छप्पर उडेल असा हेल काढला.

मागच्या बाकाजवळ उभ्या असलेल्या निवेदिताने, म्हणजे सरांच्या बायकोने, मुलांच्या कपाळांकडे पाहिलं आणि हळूच मान खाली घातली. प्रत्येक कपाळावर एक कापडी पट्टी होती आणि पट्टीच्या मधोमध बारीक दिवा. खिडकीजवळच्या दोन मुली सोडल्या तर सगळा वर्ग लालभडक होता.

मुलांना मजाच वाटली. एकमेकांची कपाळं पाहून ती खिदळत सुटली. श्रीधरही हसला. पण त्याचं हसणं निवेदिताला चांगलं ओळखीचं होतं, आणि हे त्यातलं नव्हतं.

पट्टीचं नाव होतं 'उमज', आणि ती निवेदितानेच बनवली होती. नागपूरच्या एका संस्थेत ती मेंदूवर संशोधन करायची. तिच्या यंत्रामागचं शास्त्र तसं सोपं आहे. आपण कुणाचं बोलणं ऐकतो तेव्हा आपला मेंदू नुसता कान देऊन बसत नाही. पुढे काय येणार याचा अंदाज बांधत तो बोलणाऱ्याच्या पुढे धावत असतो. 'चहात साखर' एवढं ऐकलं की आता 'घाल' येणार, हे त्याने मनाशी ठरवून टाकलेलं असतं. तिथे कुणी 'चहात साखर पेर' म्हटलं, की मेंदू दचकतो. हे दचकणं डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होऊन जातं. ते आपल्या मर्जीवर नसतं, आणि त्याची विजेची बारीक लहर डोक्याच्या कातडीवरून टिपता येते.

शास्त्रज्ञांना ही लहर फार पूर्वीपासून माहीत होती. निवेदिताने दोन गोष्टी केल्या. चुळबुळ करणाऱ्या पोरांच्या कपाळावरूनही लहर टिपेल अशी साधी पट्टी तयार केली, आणि तिचा संबंध शिकवण्याशी लावला. शिक्षकाने समजावून सांगताना मुद्दाम एक चूक करायची. ज्याला विषय समजलाय त्याचा मेंदू चुकीवर दचकणार आणि दिवा हिरवा होणार. ज्याच्या डोक्यावरून चाललंय त्याला चूक काय आणि बरोबर काय, सगळं सारखंच. त्याचा मेंदू गप्प आणि दिवा लाल. त्या दिवशी श्रीधरने ठरल्याप्रमाणे 'चार हा दोनापेक्षा मोठा, म्हणून पाव भाकर अर्ध्या भाकरीपेक्षा मोठी' असं ठोकून दिलं होतं. कुणी हूं की चूं केलं नव्हतं.

घरी जाताना तो स्कूटर चालवत एवढंच म्हणाला, "तुझं यंत्र झकास आहे गं, निवे."

त्यानंतर जेवताना वर्गातल्या गमती सांगणं त्याने बंद केलं.

यंत्र प्रयोगशाळेत राहिलं असतं तर हे दुखणं घरातल्या घरात बरं झालं असतं. पण त्याच सुमारास देशात राष्ट्रपतीपदाची निवडणूक लागली, आणि तीही पहिल्यांदाच थेट जनतेच्या मतांनी. घटनादुरुस्ती होऊन राष्ट्रपती आपणच निवडायचा असं ठरलं, तेव्हा पंचाईत झाली ती उमेदवारांची. पाणी, रस्ते, वीज यांचं आश्वासन द्यावं तर ते राज्य सरकारांचं काम. सैन्याबद्दल बोलावं तर भीती वाटते. राहता राहिलं शिक्षण. शिक्षणाचं आश्वासन फार सोयीचं असतं, कारण त्याचा निकाल लागेपर्यंत ऐकणाऱ्यांची पोरं कॉलेजात गेलेली असतात. तेव्हा दोन्ही मुख्य उमेदवार शिक्षणावर तुटून पडले. दोघंही मराठी निघाले याचा आपल्याकडे कोण आनंद!

एक होते माजी राजदूत, बोलायला गोड आणि कपड्यांना इस्त्री कडक. दुसऱ्या सरोजिनीताई गावंडे, मूळच्या अचलपूरच्या. दूध उत्पादकांचा मोठा संघ त्यांनी उभा केला होता. मोठ्याने हसायच्या, भराभर निर्णय घ्यायच्या, आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण होण्याआधी "हो हो, समजलं" म्हणायच्या. त्यांचा प्रचारप्रमुख रणजीत मिरीकर पुण्याहून आला होता. या माणसाला घोषणा सुचल्याशिवाय घास गिळत नसे. त्याने 'उमज'ची बातमी वाचली आणि दुसऱ्याच दिवशी निवेदिताला ताईंची शिक्षण सल्लागार करून टाकलं.

"प्रत्येक मुलाच्या कपाळावर उमज!" तो म्हणाला. "कपाळ हिरवं, भविष्य हिरवं! कसं वाटतं, मॅडम?"

निवेदिताला छानच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. स्वतःच्या हातांनी शिवलेली पट्टी देशभरच्या शाळांत जाणार म्हटल्यावर कुणाला वाटणार नाही? धोरणाचा मसुदा तिने मोठ्या हौसेने लिहिला. मिरीकरने त्यात जाता जाता एक कलम घुसवलं, ते मात्र तिने श्रीधरच्या हातातल्या वर्तमानपत्रात पाहिलं. ज्या शिक्षकाचा वर्ग सतत लाल राहील त्याच्याकडून तो वर्ग काढून घेण्यात येईल.

"हे मी नाही लिहिलं," ती घाईने म्हणाली.

"पण नाव तुझं आहे नं खाली," श्रीधर म्हणाला. त्याने पेपरची नीट घडी केली. "माझी पाचवी ब जाईल. ते जाऊ दे. आमच्या शाळेत आत्तापासून काय चालू झालं, माहीत आहे? शेजारचे हटवार सर तू ठेवलेल्या पट्ट्या लावून पाचवीला तिसरीची बेरीज शिकवून राहिलेत. सगळा वर्ग हिरवागार! हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या."

"पण मग नवीन काही शिकवणारच नाहीत!"

"कशाला शिकवतील? नवीन शिकवलं की पोरं आधी लालच होणार. शिकणं म्हणजे तेच तर असतं."

 मग निवेदिताच्या मनात बरेच दिवस सलत होतं ते बाहेर आलं. "श्रीधर, पण मुलं हो का म्हणतात? समजलं नाही तर सांगत का नाहीत?"

"तू मला तुझं यंत्र पहिल्यांदा समजावलंस, आठवते? मी काय म्हणालो होतो?"

"हो म्हणालास. लगेच समजलं म्हणालास."

"काही समजलं नव्हतं." आता तो मनापासून हसला. "पण तू इतकी खुश होतीस की नाही म्हणायची हिंमत झाली नाही. पोरं खोटी नसतात गं. सर एवढा घसा फोडून सांगतात, त्यांना वाईट वाटू नये म्हणून हो म्हणतात."

निवेदिताला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मेंदूची लहर तिने इतकी वर्षं अभ्यासली, पण त्या 'होऽऽ'मध्ये माया असेल हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

ते कलम काढून टाकायचं, एवढं तिने ठरवलं. शेवटची जाहीर वादसभा नागपुरातच होती. तिथे ते कलम वाचलं गेलं आणि ताईंनी हो म्हटलं की मग ते पक्कं, मग कुणाचा बापही ते बदलू शकणार नव्हता. ताई त्या आठवड्यात शहरात होत्या. निवेदिताने त्यांना सकाळच्या न्याहारीला घरीच बोलावलं आणि तर्री-पोह्यांची बशी पुढे ठेवून श्रीधरला म्हणाली, "आता तू शिकव."

श्रीधरने शिकवलं. वर्ग जाण्याच्या भीतीने शिक्षक सोपंच कसं शिकवतील, मुलं कपाळाला कशी घाबरतील, सगळं नीट उलगडून सांगितलं. ताई पोहे खात होत्या, फोनवर बोटं फिरवत होत्या आणि मान डोलावत होत्या.

"समजलं का, ताई?" त्याने सवयीने विचारलं.

"हो हो, समजलं! लय मस्त सांगता तुम्ही, सर. अन् तर्री तं काय झाली आहे!"

निवेदिताने धीर केला. "ताई, एक मिनिट पट्टी लावता?"

ताईंनी हसत हसत लावली. निवेदिताने त्यांच्याच धोरणाचा एक परिच्छेद वाचला आणि मधेच सहज म्हणाली, "आणि शाळेत येणाऱ्या मुलांना शाळेत येण्यास मनाई राहील."

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या. दिवा लाल होता.

श्रीधरने आरसा आणून समोर धरला. ताईंनी आधी स्वतःचं कपाळ पाहिलं, मग वाक्य पुन्हा वाचायला लावलं आणि चमचा बशीत ठेवला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, पण हसल्याही नाहीत. "माह्या संघाचा दुधाचा भाव मले झोपेत विचारा," त्या हळू म्हणाल्या. "हे कलमं-बिलमं वाचली की डोकं बंद होते. चाळीस वर्षं हो म्हणून निभावलं. आता काय नाही म्हणू? राष्ट्रपतीच्या उमेदवारानं?"

"म्हणून पाहा," श्रीधर म्हणाला. "माझ्या वर्गात अजून कुणी म्हटलं नाही. मला पण पाहायचं आहे काय होते ते."

तेवढ्यात गाडीचा भोंगा वाजला आणि ताई पट्टी सोडून निघून गेल्या.

त्यांना पोचवायला खाली उतरलेल्या निवेदिताला मिरीकरने बाजूला घेतलं. राजदूतसाहेबांच्या लोकांनी आव्हान दिलं होतं, की एवढं यंत्रावर प्रेम आहे तर वादसभेत दोन्ही उमेदवारांनी पट्टी बांधावी. यंत्र आपलंच म्हणून मिरीकरने ते हौसेने स्वीकारलंही होतं.

"तेव्हा मॅडम, ताईंच्या पट्टीची थोडी सोय करा," तो म्हणाला. "दिवा हिरवाच राहू द्या. एवढं केलंत की निवडून आल्यावर तुमच्यासाठी अख्खी राष्ट्रीय प्रयोगशाळा. नाहीतर उमज विसरा."

काम दोन मिनिटांचं होतं. एक तार इकडची तिकडे केली की दिवा जन्मभर हिरवा. संध्याकाळी निवेदिता ती पट्टी हातात घेऊन स्वयंपाकघरात बसली. श्रीधर भाजी चिरत होता.

"काय करू?" तिने विचारलं.

"मला नको विचारू. माझा वर्ग लाल आहे, मी कसं निष्पक्ष सांगणार?" तो म्हणाला. मग चाकू थांबवून, "पण एक सांगतो. त्या दिवशी पट्टी खोटी असती तर मला किती बरं वाटलं असतं! आणि त्या दोन मुली सोडून कुणालाच अपूर्णांक आला नसता."

"आता येतात?"

"अर्ध्यांना येतात. मी भाकरी सोडून संत्र्यावर आलो. संत्र्याच्या फोडी मोजल्याशिवाय पोरं खात नाहीत."

आणि हे त्याने तिला सांगितलंच नव्हतं. तिने पट्टी तशीच्या तशी डबीत ठेवली आणि डबीचं झाकण दाबून लावलं. मिरीकरला फोनवर म्हणाली, "पट्टी तयार आहे." यात खोटं काही नव्हतं.

वादसभेला नागपूरकरांनी तोबा गर्दी केली. बाहेर ऊन, आत कूलरची घरघर, आणि व्यासपीठावर दोन उमेदवार कपाळाला पट्ट्या बांधून बसलेले. सूत्रसंचालक एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती. त्यांनी चष्मा लावला आणि संथ सुरात दोन्ही पक्षांची धोरणं वाचायला घेतली.

निवेदिता पहिल्या रांगेत मिरीकरच्या शेजारी बसली होती. ती पट्टीची रिकामी डबी उगाच उघडत-मिटत होती. मिरीकर मात्र निवांत होता. त्याच्या मते दिवा हिरवा होणार हे ठरलेलंच होतं.

"कलम सात," न्यायाधीश वाचू लागले. "ज्या वर्गाची हरित-टक्केवारी मागील सत्राच्या आधारभूत टक्केवारीच्या तुलनेत सातत्यपूर्ण वाढ दर्शवील, त्या वर्गाच्या शिक्षकाकडून सदर वर्ग काढून घेण्यात येईल." ते थांबले. "दोन्ही उमेदवारांना कलम समजलं ना?"

दोन्ही कपाळं लाल झाली.

मिरीकर खुर्चीतून अर्धा उठला आणि निवेदिताकडे असं पाहू लागला, की तिने नजर समोरच ठेवली.

"अर्थातच," राजदूतसाहेब गोड हसून म्हणाले. लाल दिव्याखाली ते हसू फारच शोभून दिसलं. सभागृहात खसखस पिकली.

न्यायाधीश वळले. "सरोजिनीताई?"

ताईंनी तोंड उघडलं. 'हो' त्यांच्या ओठांपर्यंत आलेला निवेदिताला दिसला. चाळीस वर्षांची सवय होती ती. मग ताईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. तिथे श्रीधर लांजेवार सर हाताची घडी घालून, पोराला तोंडी परीक्षेला उभं केल्यासारखे त्यांच्याकडे पाहत होते.

"नाही," ताई म्हणाल्या. "मले काही समजलं नाही. परत सांगा."

 राष्ट्रपती व्हायला निघालेल्या माणसाच्या तोंडून असं वाक्य ऐकायची कुणाला सवयच नव्हती. मग मागून एका बाईने टाळी वाजवली, आणि पाहता पाहता सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. कारण कलम सात तिथे बसलेल्या कुणालाच समजलं नव्हतं.

न्यायाधीशांनी परत वाचलं, सावकाश, शब्द सुटे करून. 'वाढ दर्शवील' या शब्दांवर ताई खुर्चीत दचकल्या आणि कपाळावरचा दिवा हिरवा झाला.

"थांबा थांबा! वाढ झाली तर मास्तरले काढता? उलटं आहे हे!"

"मुद्दाम उलटं वाचलं," न्यायाधीश म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं. "मूळ कलमात 'घट' आहे. घट झाली तर काढायचं."

"तेही उलटंच आहे!" ताईंचा आवाज आता संघाच्या सभेतल्यासारखा चढला. "आमच्या संघात मी हेच करून बसली होती. ज्या केंद्राच्या दुधात फॅट कमी, त्या केंद्राचा माणूस बदला, असा नियम मीच काढला. काय झालं? केंद्रावाले गाईचं दूध घेईचनात! म्हशीचंच दूध घ्या, फॅट उंच दाखवा, अन् गाईवाल्याले वापस पाठवा. गाई ठेवणारे माहे लोक देशोधडीला लागायची पाळी आली. फॅट मोजायचं यंत्र चांगलंच होतं हो. त्यानं गाईले काय खाऊ घालायचं ते समजत होतं. मी ते माणसं हाकलायले वापरलं." त्या दम घ्यायला थांबल्या. "पट्टी मास्तरच्या हाती द्या, अन् मास्तरपाशीच राहू द्या. वर कोणाले तिचा आकडा जाणार नाही. कलम सात मी आत्ताच खोडलं. ज्याले समजलं नाही त्यानं आत्ता विचारा, मी परत सांगते."

श्रीधरने पोहे थंड होईस्तोवर सांगितलेलं सगळं ताईंनी दोन मिनिटांत स्वतःच्या भाषेत सांगून टाकलं होतं. निवेदिताने मागे वळून पाहिलं. श्रीधर दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजवत होता, आणि हे हसणं तिच्या ओळखीचं होतं.

मिरीकर तिच्या कानाशी येऊन दातओठ खात म्हणाला, "प्रयोगशाळा विसरा." पण बाहेर लोक आधीच ओरडू लागले होते, 'परत सांगा! परत सांगा!' ते ऐकून त्याचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी देशभरच्या भिंतींवर हीच घोषणा होती आणि ती आपल्याला सुचली असं तो सगळ्यांना सांगत होता.

सरोजिनीताई निवडून आल्या. फार मोठ्या फरकाने नाही, पण आल्या. राष्ट्रपती झाल्यावर पहिल्याच बैठकीत एका सचिवाने लांबलचक टिपण वाचलं आणि त्या "परत सांगा" म्हणाल्या, तेव्हा टिपण अर्ध्या पानाचं झालं म्हणतात. राष्ट्रीय प्रयोगशाळा निवेदिताला मिळाली नाही. तिची जुनी खोली आणि त्यातला गळका नळ तेवढा कायम राहिला. पण पट्ट्या शाळाशाळांतून मागवल्या जाऊ लागल्या, आणि त्या फक्त शिक्षकांनी मागवायच्या, असा नियम होता.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर निवेदिता पट्ट्यांचा डबा घेऊन पुन्हा पाचवी 'ब'मध्ये गेली. नवी मुलं होती, फळ्यावर मोठं संत्रं काढलेलं होतं. डबा उघडायच्या आधी ती नुसतीच मागे उभी राहिली.

"समजलं का?" श्रीधरने विचारलं.

"नाऽऽही सर!" वर्गाने छप्पर उडेल असा हेल काढला. राष्ट्रपती नाही म्हणतात म्हटल्यावर पाचवी ब कशी मागे राहील?

श्रीधरने हताश होऊन निवेदिताकडे पाहिलं. ती तोंडावर पदर धरून हसत होती. आता हा 'नाही' तरी खरा की तोही सरांना बरं वाटावं म्हणून? तिने डब्याच्या झाकणाला हात घातला. श्रीधरने मान हलवून तिला थांबवलं आणि खडू उचलला.

"बरं, परत सांगतो. चार हा दोनापेक्षा मोठा आहे नं? म्हणून पाव संत्रं हे अर्ध्या संत्र्यापेक्षा—"

"सऽऽर, चुकलं!" अख्खा वर्ग एका दमात ओरडला. दोन-तीन पोरं तर बाकावर उभी राहिली. "लहान असते, सर! लहान!"

श्रीधर खडूसकट तसाच उभा राहिला, आणि निवेदिताने डब्याचं झाकण पुन्हा लावून टाकलं.